दिव्यांच्या एकेचाळीस नोंदी

माझी सून यामिनी हट्टी आहे, असं माझा मुलगा उज्ज्वल म्हणतो. तो इंजिनिअर आहे, त्याला कुठल्याही गोष्टीला एकच शब्द पुरतो. मी अठ्ठावीस वर्षं दूध संघाची गाडी चालवली, निफाडकडच्या धुक्यात, रोज पहाटे, आणि मला विचाराल तर ती हट्टी नाही. तिला खोटं लिहिता येत नाही, एवढंच. हा दोष मोठा की लहान ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माझ्यासमोर तिला हट्टी म्हणायचं काम नाही.

२०१८च्या नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे जर्मनीला, इंगोलश्टाटला आलो, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आमची मंडळी, लीलाबाई, गुडघ्यांमुळे नाशिकलाच राहिली. उज्ज्वल गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. यामिनी फ्लेगेत. फ्लेगे म्हणजे शुश्रूषा. आजूबाजूच्या खेड्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात. त्यांच्या घरी पहाटे जायचं, कोणाला इन्सुलिन टोचायचं, कोणाला आंघोळ घालायची, कोणाच्या सुजलेल्या पायांवर ते घट्ट मोजे चढवायचे. पाच चाळीसला निघायचं आणि अकरा घरं करायची. या फेरीला ती टूर म्हणायची. मी आपला दुधाची लाइन म्हणायचो, कारण मला ती तशीच वाटायची.

ही नोकरी तिला कोणी ताटात वाढून दिली नव्हती. पोरगी डी.एड. झालेली. लग्न करून इथं आली आणि पाच वर्षं घरात बसली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका विचारायच्या, आणि तुम्ही काय करता, वहिनी? मग ती जर्मन शिकली. मग शुश्रूषेचा वर्षभराचा कोर्स केला. मग गाडी. नाशिकला ती फक्त स्कूटी चालवायची. इथं ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं विसरली म्हणून. तिसऱ्यांदा पास झाली आणि घरी येऊन रडली म्हणे. आमच्या नात्यातल्या शैलानं फोनवर नाक मुरडलं होतं, एवढी शिकलेली सून, आणि लोकांची घाण काढायला जाते? यामिनीनं तिला काय उत्तर दिलं ते मला पाठ आहे.

ती म्हणाली, "मावशी, हे काम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कोणाच्या गळ्यात बांधलं ते मला माहीत आहे. इथं त्याला परीक्षा आहे, दाखला आहे, आणि सगळे मला फ्राऊ गांगुर्डे म्हणतात."

फ्राऊ म्हणजे आपल्याकडचं श्रीमती. तर अशी ती नोकरी. एक ऑगस्टला लागली, आणि पहिले सहा महिने प्रोबेत्साइट. म्हणजे एकतीस जानेवारीपर्यंत मालकाला वाटलं तर कारण न सांगता घरी पाठवणार. तो दिवस पार पडला की नोकरी पक्की. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल होता आणि घरातल्या सगळ्यांचा जीव त्या गोलाला टांगलेला.

डिसेंबरात त्यांच्या ऑफिसनं जुन्या गाड्या काढून नव्या आणल्या. पांढऱ्या, छोट्या, चकचकीत, आणि पुढे एलईडीचे दिवे. उज्ज्वल खूश. प्रकाश कसा दिवसासारखा पडतो, वीज कशी कमी खातो, सगळं मला जेवताना समजावून झालं. मी म्हटलं छान. आम्ही मिणमिणत्या पिवळ्या दिव्यांवर आयुष्य काढलं, चांगल्याला चांगलं म्हणायला माझं काय जातं?

मग बर्फ पडला. साधा भुरभुरणारा नाही. ओला, चिकट, वाऱ्याबरोबर समोरून येणारा. आणि एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या गाडीचा दिवा तापायचा. बर्फ काचेवर बसायचा आणि वितळून जायचा, कोणी विचारसुद्धा करत नव्हतं. हा नवा दिवा पुढून थंडगार. त्याच्यावर बसलेला बर्फ बसूनच राहतो, थरावर थर चढतो, आणि चार-पाच किलोमीटरमध्ये गाडी आंधळी होते. ड्रायव्हरला आत कळतच नाही, कारण समोरच्या पट्टीवर दिवा चालू असल्याची खूण हिरवीगार दिसत असते.

यामिनीनं उज्ज्वलला जेवणाच्या टेबलावर धरलं. तो म्हणाला, आल्झो, उष्णता तयार होते, पण मागच्या बाजूला, तिथं तिच्यासाठी पट्ट्या असतात. हे आल्झो म्हणजे आपलं "तर त्याचं असं आहे". तिनं विचारलं, म्हणजे दिव्याची पाठ गरम आणि तोंड गार? तो म्हणाला, गेनाऊ, बरोब्बर. "व्वा," ती म्हणाली, "काय दिवे लावलेत." मी भाजीत तोंड घालून हसलो. उज्ज्वल म्हणाला महागड्या गाड्यांना दिवे धुवायचे फवारे असतात. ती म्हणाली आमच्या गाडीला मीच आहे.

आता यात माझाही एक गाढवपणा सांगून टाकतो, नाहीतर उज्ज्वल सांगेल. पावसात वायपर बंद पडला की आम्ही ड्रायव्हर लोक काचेवर तंबाखू चोळायचो. पाणी धरत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं. तर एका पहाटे मी सुनेच्या आधी उठलो, अंगणात उभ्या असलेल्या तिच्या ऑफिसच्या गाडीपाशी गेलो आणि नाशिकहून आणलेली अर्धी पुडी दोन्ही दिव्यांवर ओली करून प्रेमानं चोळली. बाहेर उणे सात. तंबाखूचं पाणी तिथल्या तिथं गोठलं आणि दोन्ही दिवे चहासारखे तपकिरी झाले. दुपारी परत आल्यावर यामिनी दारातच म्हणाली, अहो बाबा, माझ्या दिव्यांना काय खाऊ घातलंत? ऑफिसात त्यांच्या मुख्य बाईंनी, फ्राऊ ब्राउनमिलरनी, वास घेऊन विचारलं म्हणे, तुम्ही सिगारेट ओढता का? माझ्यामुळे पोरीला नसती बोलणी बसली. मी आठवडाभर अंगणात गेलो नाही.

तिनं स्वतःच उपाय काढला. त्या दिव्याची काच खरं तर प्लास्टिकची असते. बर्फ खरवडायच्या पट्टीनं तिच्यावर ओरखडे पडतात आणि गरम पाणी ओतलं तर तडा जायची भीती. पण शुश्रूषेच्या बायकांजवळ हात निर्जंतुक करायचं द्रव्य असतंच, त्यात स्पिरिट. माझ्या जुन्या बनियनचा मऊ तुकडा, त्यावर ते चार थेंब, पुसलं की बर्फ सुटतो. पुढचे दोन, मागचे दोन, दीड मिनिट. उज्ज्वल कुरकुरला की स्पिरिटनं प्लास्टिक काही वर्षांनी निस्तेज होतं. ती म्हणाली, काही वर्षं मी जगले तर बघू.

हे ती थट्टेनं म्हणाली. सात जानेवारीला थट्टा संपली.

त्या दिवशी पहाटे ती तिसऱ्या घराकडून पुढच्या खेड्याकडे चालली होती. तिथं रस्त्याच्या कडेला काळे-पांढरे खांब असतात, दिवा पडला की चमकतात. खांब दिसेनासे झाले. तिला वाटलं बर्फामुळे. मग अचानक समोर एक माणूस. कचरा नेणाऱ्या गाडीचा वार होता, म्हातारा आपला चाकांचा मोठा डबा ओढत रस्त्यावर आणत होता, अंगात काळा कोट. तिनं ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि डब्याला टेकून थांबली. माणूस डब्याच्या पलीकडच्या अंगाला होता म्हणून वाचला. तो ओरडला नाही. त्यानं खिडकीवर बोट वाजवलं आणि म्हणाला, बाई, तुम्ही दिवे लावले नाहीत. ती म्हणाली, लावलेत. मग खाली उतरून बघते तर दोन्ही दिवे पांढऱ्या फडक्याखाली ठेवल्यासारखे, नुसता मंद उजेड.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ठरवून टाकलं. बर्फ पडत असेल तर दर चार किलोमीटरला थांबायचं, दिवे पुसायचे, मग पुढे. साहजिकच टूरला उशीर. त्यांच्या फोनमध्ये सगळं मिनिटांत बांधलेलं असतं: इन्सुलिन पाच मिनिटं, मोजे पाच, या गावाहून त्या गावाला नऊ. उशीर झाला की फोन कारण विचारतो आणि चार पर्याय देतो: रुग्णाची तब्येत, श्टाऊ म्हणजे वाहनांची कोंडी, गाडीत बिघाड, आणि इतर. इतर दाबलं की स्वतः लिहावं लागतं. ती दर वेळी इतर दाबायची आणि लिहायची: दिवे बर्फानं आंधळे, थांबून पुसले. तारीख, वेळ आणि ठिकाणासकट.

आठवड्याभरात फ्राऊ ब्राउनमिलरनी बोलावलं. बाई वाईट नाहीत, यामिनीच म्हणते, तिच्या पहिल्या दिवशी त्यांनी केक आणला होता. त्यांचं म्हणणं असं, की दिवे स्वच्छ ठेवणं ही कायद्यानं गाडी चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, ऑफिसची नाही, त्यासाठी वेगळा वेळ मिळणार नाही. यामिनीनं उत्तर दिलं ते मला घरी येऊन तिनं जर्मनमध्ये म्हणून दाखवलं आणि मग मराठीत सांगितलं.

"गेनाऊ. जबाबदारी माझी आहे, मग कधी थांबायचं तेही मीच ठरवणार."

मग खरी गोष्ट बाहेर आली. थांबा हवं तर, त्या म्हणाल्या, पण लिहू नका. या नोंदी कायम राहतात. उद्या आमच्या कोणाच्या गाडीचा अपघात झाला तर विमावाले विचारतील, तुम्हाला दिव्यांचं माहीत होतं, मग तुम्ही काय केलंत? इतर बायका थांबतातच की. त्या श्टाऊ लिहितात. तुम्हीही श्टाऊ लिहा.

आता हसावं की रडावं. पहाटेचे पावणेसहा, दोन्ही बाजूंना शेतं, रस्त्यावर हिची एकटीची गाडी, आणि म्हणे वाहनांची कोंडी. यामिनी म्हणाली, फ्राऊ ब्राउनमिलर, त्या रस्त्यावर कोंडी करायची तर मला दोन गाड्या चालवाव्या लागतील. बाईंना विनोद आवडला नाही. त्यांनी फक्त आठवण करून दिली की एकतीस तारीख जवळ आली आहे.

ही लिहितच राहिली. नोंदी वीस झाल्या, तीस झाल्या. शेवटच्या खेड्यातल्या फ्राऊ श्टेकल, नव्वदीच्या, त्यांनी ऑफिसला फोन करून तक्रार केली की माझं इन्सुलिन पंचवीस मिनिटं उशिरा येतं, नाश्ता गार होतो. यामिनीनं त्यांच्याशी भांडण केलं नाही. त्यांना सांगितलं, मी उशिरा येईन पण येईन. म्हातारी म्हणाली, मग मी नाश्ता उशिरा करते. तक्रार मात्र ऑफिसात नोंदलेली राहिली.

अठ्ठावीस तारखेला नोंदी एकेचाळीस झाल्या होत्या. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. उज्ज्वल तिच्या मागे लागला होता की पडतं घे. ती त्याचं ऐकत नव्हती. मग मी बोललो. मोठेपणाचा आव आणून बोललो, त्याची आज लाज वाटते. मी म्हटलं, पोरी, डोक्यावर बर्फ ठेव. थांबायचं तर थांब, दिवे पूस, जिवाशी खेळू नकोस, पण तीन दिवस लिहू नकोस. एकतीस उलटू दे. एकदा पक्की झालीस की वहीच्या वह्या भर.

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली. दिवा खराब असला तर तुम्ही लॉगबुकात लिहायचात ना?"

मी म्हटलं, हो तर. खोटं बोललो. आमच्या वेळी दिवा मंद आहे असं लिहिलं की गाडी उभी राहायची, गाडी उभी राहिली की दूध नासायचं, आणि सुपरवायझर म्हणायचा, गांगुर्डे, लिहितोस कशाला, चालव की. मी चालवत आलो. रोज सही करत आलो, सर्व ठीक. एका दिव्यावर, कधी नुसत्या पार्किंगच्या दिव्यावर, धुक्यातून, शाळेला निघालेल्या पोरांच्या शेजारून. कोणी मेलं नाही. ती माझी हुशारी नव्हती, नशीब होतं. हे मी तिला त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो आणि वर सल्ला दिला.

आणि तिनं माझं ऐकलं. उज्ज्वलचं कधी ऐकत नाही, पण मी म्हातारा, तीन महिन्यांचा पाहुणा, माझा शब्द तिनं मोडला नाही. एकोणतीस आणि तीस, दोन्ही दिवस बर्फ पडला. दोन्ही दिवस ती थांबली, दिवे पुसले, आणि उशिराचं कारण म्हणून श्टाऊ दाबलं. दोन्ही दुपारी घरी येऊन कोणाशी बोलली नाही. भांडी आपटली नाहीत, दार आपटलं नाही. मला तिचा राग परवडला असता.

एकतीसला, गुरुवारी, पहाट कोरडी गेली, आणि दुपारी एक वाजता ऑफिसात बोलावणं होतं. मी दोन तास खिडकीशी बसलो. चहा केला आणि तो तसाच राहिला. उज्ज्वल सुट्टी घेऊन घरी थांबला होता, फोनवर काहीतरी वाचत असल्याचं दाखवत होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता. तीन वाजून गेल्यावर ती आली. बूट काढले, बर्फ झटकला, आणि शांतपणे सांगितलं की नोकरी गेली.

उज्ज्वल उठला आणि त्यानं एकदम तिच्या ऑफिसला शिव्या घातल्या, मराठीत, अस्सल पंचवटीच्या. मला बरं वाटलं. यामिनी म्हणाली, जेवायला वाढ आधी. मग जेवताना तिनं सगळं सांगितलं. नियमाप्रमाणे अजून दोन आठवडे काम करायचं आहे, म्हणजे उद्या पहाटे पाच चाळीसची टूर तिचीच. बाईंनी नोकरी पक्की करायचं पत्र तयार ठेवलं होतं, तिनं ते टेबलावर पाहिलं. त्याच्या शेजारी दुसरा कागद होता. त्यावर सही केली की पहिलं पत्र मिळणार होतं. बाई म्हणाल्या, गेले दोन दिवस तुम्ही श्टाऊ लिहिलंत, तुम्हाला समजलंय हे बघून मला आनंद झाला.

हे ऐकताना मी ताटातला घास खाली ठेवला. म्हणजे माझ्याच सल्ल्याचा आधार घेऊन त्या बाईंनी हिला कोंडीत पकडलं होतं. मी विचारलं, मग तू सही केली नाहीस?

"केली," यामिनी म्हणाली. "पण आधी थोडं लिहिलं. त्यांनी ते वाचलं आणि पत्र परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी माझ्या कागदाची प्रत मागून घेतली."

तिनं पिशवीतून घडी काढून उज्ज्वलसमोर ठेवली आणि ती हात धुवायला गेली. मला जर्मन येत नाही, मी उज्ज्वलला म्हटलं, मराठीत सांग, एक शब्द गाळू नकोस. तो आधी मनात वाचत गेला, आणि मग त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. वर टाइप केलेलं होतं: जानेवारी महिन्यात गाडीच्या दिव्यांविषयी मी केलेल्या एकेचाळीस नोंदी चुकीच्या आहेत, हे मी मान्य करते. त्याखाली यामिनीच्या अक्षरात, शाळेतल्या बाईंच्या त्या गोल, सुट्या अक्षरात, लिहिलेलं होतं:

"आकडा चुकीचा आहे. एकेचाळीस नव्हे, सेहेचाळीस. पाच वेळा मी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून खोटं कारण लिहिलं. त्या पाच नोंदी आता करते. २९ जानेवारी: ५.५८, ६.२०, ६.४७. ३० जानेवारी: ६.०४, ६.३१. दिवे बर्फानं आंधळे, थांबून पुसले. रस्त्यावर माझ्याशिवाय कोणीही नव्हतं."